बिट्टूचं गुरगुरणं

गेल्या जूनमध्ये आमचा कुत्रा बिट्टू मला चावला. डाव्या हाताला, अंगठ्याच्या खाली. जेवता जेवता त्याचं भांडं सरकत दारापर्यंत गेलं होतं, ते जागेवर ठेवायला मी वाकले, एवढंच. ना गुरगुरला, ना दात दाखवले.

साबण लावून १५ मिनिटं हात नळाखाली धरला आणि तशीच दवाखान्यात गेले. बिट्टूचं लसीकरण झालेलं होतं, तरी इंजेक्शनं घेतली : ०, ३, ७, १४, २८ असे दिवस. कुणाला कुत्रा चावला तर हळद, चुना लावत बसू नका, आधी जखम धुवा.

'न सांगता चावला' असं मी सगळ्यांना सांगत होते. ते खोटं होतं. वर्तकनगरच्या नाक्यावरून आणला तेव्हा पहिल्या दिवसापासून तो सांगत होता. भांड्याजवळ गेलं की खाणं थांबायचं, मान खाली तशीच, अंग ताठ, डोळ्याचा पांढरा कोपरा दिसायचा. मग बारीक गुरगुर. आणि आम्ही काय केलं? "घरात कोण मोठं ते त्याला कळू दे," असं कुणी म्हणालं म्हणून दरवेळी ओरडलो, सासऱ्यांनी दोनदा वर्तमानपत्राची गुंडाळीही मारली. दोन महिन्यांत गुरगुर बंद झाली. आम्हाला वाटलं, सुधारला! भीती होती तशीच राहिली, फक्त ती सांगायची सोय आम्ही काढून घेतली. रस्त्यावर वाढलेला जीव तो, तोंडातला घास दुसरा पळवतो हे तिथेच शिकलेला.

बिट्टूच्या डॉक्टरांनी सगळ्यात आधी त्याचं तोंड उघडून पाहिलं. मागची दाढ तुटलेली, हिरडी सुजलेली. इतके दिवस दुखऱ्या तोंडाने जेवत होता बिचारा. मला फार वाईट वाटलं.

दाढ काढली. मग नवीन पद्धत. तो जेवत असताना सहा-सात फुटांवरून जायचं, उकडलेल्या चिकनचा तुकडा भांड्याकडे टाकायचा आणि थांबायचं नाही. माणूस जवळ आला की भांड्यातलं जात नाही, उलट वाढतं, हे त्याच्या डोक्यात बसायला हवं. अंग ताठ झालं की दुसऱ्या दिवशी पुन्हा लांबून. एका फुटापर्यंत यायला साडेतीन महिने लागले. भांड्यात हात घालून 'बघा, काही करत नाही' असं पाहुण्यांना दाखवणं मात्र कायमचं बंद. जेवणाऱ्याच्या ताटात आपण हात घालतो का?

परवा भाचा आला होता. बिट्टू कोपऱ्यात हाड चघळत होता आणि हा चेंडूमागे तिकडेच धावला. बारीक गुरगुर आली. कित्येक महिन्यांनी ऐकली मी ती, आणि इतकं बरं वाटलं!

सासरे खुर्चीतून म्हणाले, "थांब रे बाळा, तो सांगतोय ना. चेंडू राहू दे तिथे, इकडे ये."