काठी का नाही लावली?

घरी येणारा प्रत्येक जण बाल्कनीतली ती मखमली, पांढऱ्या शिरांची पानं बघतो, हात लावतो आणि पाचव्या मिनिटाला विचारतोच, अगं हे आडवं पडलंय की, काठी का नाही लावलीस? पिंपळगावच्या मामांची द्राक्षबाग, त्यांना तर बघवेचना, थेट सुतळीच मागितली.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, झाड सरपटणारंच आहे हो. फिलोडेंड्रॉन ग्लोरिओसम. मूळचं कोलंबियाचं, 1876 मध्ये एदुआर आंद्रे या फ्रेंच वनस्पतीतज्ज्ञाने जगापुढे आणलं. याचे बरेच भाऊबंद झाडांवर चढतात, हा मात्र जमिनीवरून पुढे पुढे सरकतो, खोड आडवं, खाली मुळं, वर पानं.

मला तरी कुठे माहीत होतं. पहिलं रोप आणलं, खोड उघडं दिसलं, वाटलं बिचारं, म्हणून वरून चांगली दोन बोटं माती ओढली. तीन आठवड्यांत एक पान पिवळं, मग दुसरं, उकरून बघितलं तर खोड पिकल्या केळ्यासारखं पिचपिचीत! टोकाचा बोटभर तुकडा तेवढा वाचला, एक डोळा आणि दोन मुळं, त्याचाच हा सगळा पसारा.

आता लांबट कुंडी घेतलीय, त्यात थोडं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि बाकी नारळाच्या सोडणाचे तुकडे, पर्लाइटचे पांढरे हलके खडे, कोळसा. मुळं आत, खोड वर उघडं. वरचं दोन बोटं कोरडं झालं की पाणी, वार बघून नाही. टोक काठाला पोचलं की मागचा तुकडा कापून वेगळा लावायचा, तोही फुटतो. पानं पुसायला तेल-बिल अजिबात नको, मऊ ब्रशने धूळ झटकायची.

पावसाळ्यात लाडात असतं. खरी परीक्षा मे महिन्यात, नाशिकची ती कोरडी हवा पापड वाळवायला झकास पण याचं नवीन पान गुंडाळीतून सुटतानाच अडकतं, सुटलं तरी कडेला फाटकं, आणि फवारा मारावा तर पाच मिनिटांत सगळं वाळून जातं, म्हणून मी सरळ कुंडी उचलून बाथरूमच्या खिडकीत नेते. थंडीत निफाडचा पारा उतरल्याची बातमी आली की हॉलमध्ये, आणि पाणी निम्म्यावर.

हो, आणि आईने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, याच्या वड्या होतात का? कूळ अळूचंच, खाज आणणारे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिकही तसेच, पण हे खायचं नाही, घरात मांजर असेल तर उंचावर ठेवा.

मामांना हे सगळं सांगितलं. त्यांनी वाकून खोडावरून अंगठा फिरवला, म्हणाले, डोळा मात्र जोरदार आहे, मागचा तुकडा कापशील तेव्हा मला ठेव. म्हटलं, डिसेंबरात काय करणार? तर म्हणाले, बागेत शेकोट्या पेटवतोच की, त्यातल्या एकीजवळ बसवतो.