मजुरीचा रकाना

पुण्यात मी बाहेरच्या प्लास्टरची कामं घेतो. माझी आठ माणसं आणि एक मुकादम. आठच असल्यामुळे आम्ही ईएसआयच्या, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेच्या, बाहेर होतो. बिल्डरच्या वर्क ऑर्डरमध्ये मात्र एक ओळ ठरलेली असायची: वर्कमेन पॉलिसीची, म्हणजे कामावरच्या अपघाताच्या भरपाईसाठी मालकाने काढायच्या विम्याची, प्रत दिल्याशिवाय माणसं गेटच्या आत सोडणार नाही. म्हणून मी दर वर्षी पॉलिसी काढायचो आणि फाइलला लावायचो. आतला कागद कधी वाचला नव्हता.

पॉलिसी काढताना एजंटने फोनवर विचारलं होतं, "भाऊ, महिन्याची मजुरी किती टाकू?" गवंड्याला तेव्हा मी दिवसाला 600 देत होतो, 26 दिवसांचे 15,600. त्यानेच सुचवलं, "बारा हजार टाकतो, प्रीमियम कमी बसेल." मी म्हटलं, टाक. वर्षाला सहा-सात हजार वाचले असतील.

2022 च्या ऑगस्टमध्ये आमचा एक गवंडी तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून खाली आला. पावसाने फळी निसरडी झाली होती. सेफ्टी बेल्ट स्टोअरमध्ये खिळ्याला टांगलेला होता आणि तो घातल्याशिवाय वर चढू न देणं हे माझं काम होतं. वय 30, जालन्याकडचा, माझ्याकडे येऊन जेमतेम अकरा दिवस झालेले. मांडीचं हाड आणि घोटा, दोन्ही गेले.

त्या रात्री दोन गोष्टी बरोबर झाल्या. हॉस्पिटलमध्ये अपघाताची एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, म्हणून नोंद झाली आणि मी विमा कंपनीला लगेच ईमेल केला. पुढे कंपनीचा तपासनीस आला तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, हा माणूस तुमचाच कशावरून? हजेरी वहीत नाव होतं. पैसे मात्र मी मुकादमाकडे रोख द्यायचो आणि तो वाटायचा. व्हाउचर नाही, सही नाही, अंगठा नाही. अकरा दिवसांची मजुरी त्याला मिळाली हे सिद्ध करायला मुकादमाचा जबाब, गेटवरची नोंदवही आणि सोबतच्या दोघांची लेखी निवेदनं लागली. त्यातच दीड महिना गेला.

हॉस्पिटलचं बिल 1,86,000 झालं. मला वाटलं होतं, पॉलिसी आहे. पॉलिसीत औषधोपचाराची मर्यादा माणशी 50,000 होती. कायद्याची बाजू मला नंतर वकिलाने समजावली. तेव्हा लागू असलेल्या 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यात 2010 पासून असं होतं की कामावर झालेल्या दुखापतीच्या उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यायचा, त्याला वरची मर्यादा नाही. साध्या पॉलिसीत हा खर्च येतच नाही, तो वेगळा जोडून घ्यावा लागतो आणि किती रकमेपर्यंत हे आपणच ठरवतो. वरचे 1,36,000 मी भरले, आणि ते मीच भरायला हवे होते.

मग अपंगत्वाचा दाखला. जिल्हा रुग्णालयात तपासणी होऊन 30 टक्के कायमचं अपंगत्व लिहून आलं. हिशोब असा असतो: महिन्याच्या मजुरीचे 60 टक्के, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणांक, आणि त्यातून कमाईची क्षमता जेवढी गेली तेवढे टक्के. तिशीच्या माणसाचा गुणांक 207.98. मजुरी कितीही असली तरी जानेवारी 2020 पासून हिशोबाला जास्तीत जास्त 15,000 धरत. म्हणजे 9,000 गुणिले 207.98, त्याचे 30 टक्के, 5,61,546 रुपये. कंपनीने मात्र पॉलिसीत लिहिलेले 12,000 धरले आणि 4,49,237 मंजूर केले. 1,12,309 चा फरक माझ्यावर आला. मी सहा-सात हजार कुठे वाचवले होते ते त्या दिवशी आकड्यात समोर दिसलं.

व्याजाचं कुणी आधी सांगितलं नव्हतं. अपघातानंतर महिन्याभरात भरपाई दिली नाही तर 12 टक्के व्याज लागतं. योग्य कारणाशिवाय उशीर केला असं भरपाईची प्रकरणं बघणाऱ्या आयुक्तांना वाटलं तर निम्म्या रकमेपर्यंत दंड वेगळा. कंपनीची कागदपत्रं चालू आहेत म्हणून मी थांबलो होतो. पण कायद्यापुढे देणेकरी मी, कंपनी फक्त माझी भरपाई करणारी. जेवढी रक्कम आपल्याला मान्य आहे तेवढी आधी जमा करता येते, हे मला चौथ्या महिन्यात कळलं. महिन्याला साडेपाच हजारांच्या आसपास व्याज, आणि माझ्या पॉलिसीत व्याज धरलेलंच नव्हतं.

एका गोष्टीची टोचणी अजून आहे. भरपाईच्या कराराच्या कागदावर सही करायला तो गवंडी काठी टेकत आला, बायको सोबत. त्याने विचारलं, "शेठ, हे तीस टक्के कशाचे?" मी म्हटलं, पायाचे. तो म्हणाला, "पाय तीस टक्के गेला असेल, पण परांचीवर तर मला अजिबात चढता येत नाही." त्याचं बरोबर होतं. दाखला शरीराचा असतो आणि भरपाई कमाईची. बाहेरचं प्लास्टर करणाऱ्याची कमाई किती गेली, हे डॉक्टरांकडून वेगळं लिहून घ्यायला हवं होतं. वकिलाने ते एकदा सुचवलंही होतं. मला प्रकरण लवकर मिटायला हवं होतं आणि त्यालाही पैशांची निकड होती. करार आयुक्तांकडे नोंदवला गेला आणि रक्कम त्याच्या खात्यात गेली. त्यावर थोडी रक्कम मी नंतर माझ्याकडून दिली. ती पुरेशी होती असं मी म्हणणार नाही.

आता शनिवारी मजुरी मी स्वतः वाटतो, व्हाउचरवर सही किंवा अंगठा घेऊन. शक्य तिथे खात्यावर. नवा माणूस आला की आधी आधार कार्डाची प्रत आणि हजेरीत नाव, मग थापी. औषधोपचाराची मर्यादा दोन लाख करून घेतली आहे. मुकादम बाहेरून माणसं आणतो तीही पॉलिसीत धरली आहेत. पुढच्या नूतनीकरणाला एजंट म्हणाला, "भाऊ, कायदा तर पंधराच धरतो, तुम्ही वीस हजार आठशे का लिहिताय?" गवंड्याला मी तोवर 800 देत होतो, 26 दिवसांचे तेवढेच होतात. तेवढेच लिही म्हटलं, आणि अर्ज पाठवण्याआधी मला दाखव.