तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी परत वर का घेत नाही?

चहाच्या गाड्यावर, पंपावर, लग्नाच्या मांडवात, सगळीकडं तेच. आधी वाकून गाडीच्या पोटाखाली बघायचं, मग माझ्याकडं बघायचं आणि म्हणायचं, "भावा, एवढा त्रास होतोय तर परत वर का घेत नाहीस?" परवा मेव्हण्यानंही विचारलं. एकदाच लिहितो. पुढं कुणी विचारलं की हेच वाचायला देणार.

कडक स्प्रिंगा घालून गाडी खाली का बसवली, हे तुम्हाला माहीत आहे. पन्हाळ्याच्या वळणात गाडी अंग टाकायची, ते मला सोसत नव्हतं. वजन जमिनीजवळ आलं आणि स्प्रिंग कडक झाली की झुकणं कमी होतं. दिसायलाही नाद खुळा दिसते. हे कारण तेव्हा मी मान्य केलं नसतं.

आता हिशोब. जुन्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचं पोट यांतलं अंतर, कंपनीतून १७० मिलिमीटर. मी ४० नं खाली घेतली, राहिले १३०. तेही गाडी रिकामी असताना. मागं तीन माणसं बसली की त्यातलंही जातं, हे मी घरात कधी बोललो नाही.

स्पीडब्रेकरचं म्हणाल, तर रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड काँग्रेसच्या हिशोबानं गोल ब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि गाडी जाते त्या दिशेनं ३.७ मीटर रुंद. माझ्या पुढच्या-मागच्या चाकांत अंतर २.३९ मीटर. म्हणजे मापातल्या ब्रेकरवर अख्खी गाडी चढते, अख्खी उतरते. आपल्याकडं रातोरात डांबराचा ढीग ओततात. पुढची चाकं उतरलेली, मागची अजून चढायचीत आणि मधे पोट टेकलेलं. मग चूक कुणाची? हे भाषण आबांना पाठ आहे. ते एवढंच म्हणतात, "रस्ता काय तुझ्या मापानं व्हायचा न्हाई."

जोतिबाचा तो रविवार सांगितल्याशिवाय मात्र तुम्हाला कळायचं नाही. आत्ती गावाहून आली होती. पुढं आबा, मागं आई, आत्ती आणि माझा पोरगा. ब्रेकर आला की मी गाडी तिरकी घालायचो, एकेक चाक चढवायचो, मागचे हॉर्न मारायचे. जाताना तिसऱ्या ब्रेकरला, मी काही बोलायच्या आत, आबांनी दार उघडलं. गुडघ्यावर हात टेकून उतरले, ब्रेकर चालत ओलांडला आणि पलीकडं एसटीची वाट बघितल्यासारखे उभे राहिले. पुढच्या ब्रेकरलाही तेच. मी "आबा, बसा की" म्हणालो नाही. खरं सांगायचं तर, एक माणूस उतरलं की गाडी तेवढीच उचलते, हेच माझ्या डोक्यात होतं.

येताना केर्लीच्या अलीकडं एक ब्रेकर होता, पट्टे नसलेला. जाताना त्याच रस्त्यानं गेलो, तेव्हा तो दिसला कसा नाही, कुणास ठाऊक. घासल्याचे आवाज मला सगळे ओळखू येतात. बंपर वेगळा, सायलेन्सर वेगळा. हा ठोकाच बसला. पाच-पन्नास पावलांवर ऑइलचा लाल दिवा लागला. लगेच इंजिन बंद केलं, तेवढी अक्कल होती. खाली वाकलो तर इंजिनखालच्या ऑइलच्या चेंबरला चीर आणि तेलाची धार. रस्त्याच्या उतारानं तेल आत्तीच्या चपलेपर्यंत आलं. तिच्या कपाळावरचा गुलाल घामानं नाकापर्यंत ओघळला होता, हातात प्रसादाची पिशवी. "दर्शन झालंय न्हवं, मग काय होत न्हाई," म्हणाली. पोरगा म्हणाला, "पप्पा, गाडी मेली?"

आबा रागावले नाहीत. टायर आणि वरच्या पत्र्यामधल्या फटीत त्यांनी दोन बोटं घालून बघितली. एकच शिरलं. "किती वर असती तर वाचलं असतं?" मी म्हणालो, "दोन बोटं." त्यांनी बोटाचं काळं धोतराला पुसलं, एक टेम्पो थांबवला, सगळ्यांना बसवलं आणि स्वतःही गेले. मी टोइंगवाल्याची वाट बघत संध्याकाळपर्यंत तिथंच.

तेव्हापासून आबा माझ्या गाडीत बसत नाहीत. केएमटीच्या बसनं जातात. "थांबा दारातच हाय," म्हणतात.

नंतर खाली लोखंडी गार्ड बसवला. त्यानं अजून सहा-सात मिलिमीटर खाल्ले. हसा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगणारेही भेटतात. गाडीत मनाला येईल ते बदल करता येत नाहीत, हे मला ठाऊक आहे आणि त्यावर माझ्याकडं उत्तर नाही.

तर, वर का घेत नाही? खर्च नाही. मूळ स्प्रिंगा माळ्यावर पोत्यात आहेत. अर्ध्या दिवसाचं काम, वर चाकांचं अलाइनमेंट. पण पहाटे एकटाच पन्हाळ्याला निघालो की वाघबीळच्या पुढं गाडी वळणात अशी सपाट बसते की बाकीचं सगळं विसरतो. त्याला हौस म्हणा, माज म्हणा. आणि वर घेतली तर आबा येऊन बसतील. "म्हणत होतो न्हवं?" असं काही म्हणणार नाहीत, नुसते बसतील. ते मला झेपेल का, माहीत नाही.

गेल्या गुरुवारी पोतं खाली काढलं. एका स्प्रिंगेला गंज चढलाय. घासली, ग्रीस लावलं, परत बांधलं. माळ्यावर मात्र चढवलं नाही, जिन्याखाली ठेवलंय.