आमची वाटचाल : बँकर कुठाय?

नारायण पेठेतल्या दहा बाय बाराच्या खोलीवर पाटी लावली, तेव्हा शेजारच्या झेरॉक्सवाल्याने विचारलं, "खेळण्यातल्या गाड्या विकणार का?" मी आणि भागीदार हसलो. 2001 साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या ट्रेन सिम्युलेटरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर रेल्वे चालवायच्या गेममध्ये, सहा मार्ग होते: अमेरिकेचे दोन, जपानचे दोन, इंग्लंड आणि ऑस्ट्रियाचा एकेक. आपला एकही नाही. तिथेच आमचा धंदा दिसला: या गेमसाठी आपले मार्ग आणि आपल्या गाड्या बनवून विकायच्या.

पहिली सीडी घाटाची. ती घेऊन गेलेले खडकीचे एक निवृत्त गार्ड दुसऱ्याच दिवशी परत आले. "अरे, बँकर कुठाय? कर्जतला मागून ढकलणारी इंजिनं न लावता लोणावळ्याला गाडी चढवलीस?" 37 फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा तो चढ, आणि आमची गाडी एकट्या इंजिनावर झोकात चाललेली! रात्रभर बसून कॉन फाइलमध्ये, म्हणजे गाडीला काय काय जोडलंय त्या यादीत, डब्यांच्या शेवटी इंजिनं जोडली, एकाला फ्लिप टाकून तोंड फिरवलं. तेव्हापासून काका आमचे. प्रत्येक सीडी रोख पैसे मोजून घेतली, फुकट एकही नाही.

पुढची सहा-सात वर्षं बरी गेली.

मग एक मोठी ऑर्डर येता येता दुसऱ्याकडे गेली. त्याचा भाव आमच्या निम्मा. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. त्याने गेमसाठी बनवलेलं इंजिन विकत घेऊन त्याची ईएनजी फाइल, म्हणजे इंजिनाच्या माहितीची फाइल, उघडली. ब्रेकचे आकडे आमचे, वजन आमचं. योगायोग असेल, म्हटलं. खाली गेलो तर कॉमेंटच्या कंसात, जिथलं गेम वाचत नाही तिथे, रोमन अक्षरांत लिहिलेलं: 'दूध दोन पिशव्या'. एका संध्याकाळी घरून फोन आला तेव्हा विसरू नये म्हणून मीच लिहिलं होतं. चोरानं निदान दूध तरी काढायचं! तोंडावर विचारलं तर म्हणाला, "सगळेच असं करतात." भागीदाराने हिशोब मागितला. दोन कॉम्प्युटरपैकी एक तो घेऊन गेला. तीन महिन्यांचं भाडं थकलं.

हल्ली शिकायला येणारी पोरं पहिल्या दिवशी इंजिन बनवायला घेतात, म्हणून सांगतो: आधी तयार मार्गावर वीस मिनिटांची ॲक्टिव्हिटी, म्हणजे चालवायची एक फेरी, करा. पाथ म्हणजे गाडीची वाट आखा, सर्व्हिस म्हणजे त्या वाटेवर धावणारी गाडी द्या, समोरून एक गाडी ट्रॅफिकमध्ये सोडा, मग स्वतः चालवून बघा. ईएनजी नोटपॅडमध्ये सेव्ह करताना एन्कोडिंग युनिकोडच ठेवा, एएनएसआय केलंत की गेम ती वाचतच नाही. ओपन रेल्स (त्याच फाइली चालवणारा दुसरा सिम्युलेटर) वापरत असाल तर डेस्कटॉपवर पडलेली लॉग फाइल वाचा, मला फोन करण्याआधी. आणि मूळ फाइलची प्रत काढून ठेवा. हे पाचशे वेळा सांगून झालंय.

तर, भाडं थकलेलं. काका आले ते जुनी डायरी घेऊन. त्यात त्यांच्या फेऱ्यांच्या वेळा, निळ्या शाईत. म्हणाले, "यातल्या बारा फेऱ्या मला गेममध्ये करून दे. महिन्याला एक, पेन्शन झाली की पैसे." मी दर सांगितला, त्यांनी थोडा जास्त लावला.

2015 मध्ये ओपन रेल्सची 1.0 आवृत्ती आली. फुकट, आणि आमच्या जुन्या फाइली तिच्यावर धावतात, त्यामुळे त्या बारा अजून विकल्या जातात. शेजारचा झेरॉक्सवाला दुकान बंद करून गेला. आम्ही तिथेच आहोत.

गेल्या मंगळवारी काका आले. आमच्या एका फेरीची नवी आवृत्ती चालवून बघितली होती. चप्पल काढता काढताच म्हणाले, "कामशेतला समोरची लोकल अर्धं मिनिट जास्त थांबते." वेटिंग पॉइंट, म्हणजे गाडीने किती थांबायचं ते ठरवलेली जागा, उघडून बघितला. साठऐवजी नव्वद सेकंद पडले होते.