शेवटच्या शून्यावरून झालेलं भांडण

आज अकरावीच्या प्रॅक्टिकलला अख्खी बॅच एका शून्यावरून भांडली. व्हर्निअरने (बारीक मापं घ्यायच्या सरकत्या पट्टीने) गोळीचा व्यास मोजायचा होता. एका मुलीने 2.50 सेंमी लिहिलं, पार्टनरने ते शून्य 'उगाच आहे' म्हणत खोडलं. झाली सुरुवात!

मी तिच्या बाजूने. व्हर्निअरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, 0.01 सेंमी; म्हणून ते शून्य तिने स्केलवर वाचलंय, मनाने चिकटवलेलं नाही. नुसतं 2.5 लिहिलं तर वाटणार, साध्या फूटपट्टीने मोजलं.

मग तेच मीटरमध्ये लिहायला लावलं: 0.0250. सुरुवातीची दोन शून्यं एसटीत रुमाल टाकून जागा धरल्यासारखी, ती मोजायची नाहीत. सिग्निफिकंट फिगर्स, म्हणजे खरंच मोजलेले अंक, तीनच राहतात. 2.05 मधलं शून्य मात्र धरायचंच, त्यावर वाद नको.

खरी पंचाईत 2500 सारख्या आकड्यांची. शेवटची शून्यं मोजलेली की अंदाजाची, कळायला मार्गच नाही. 2.50 × 10³ लिहिलं की शंका मिटते.

इथे मला एव्हरेस्ट आठवलंच. (आठवणारच, दरवर्षी आठवतं.) सर्व्हे ऑफ इंडियातले गणितज्ञ राधानाथ सिकदार यांच्या गणितावरून 1856 मध्ये उंची जाहीर झाली, 29,002 फूट. असं सांगतात की हिशेब बरोब्बर 29,000 आला होता, पण लोकांना तो ढोबळ आकडा वाटेल म्हणून दोन फूट वाढवले.

मागच्या टेबलावरून लगेच आवाज, "सर, म्हणजे त्यांनी रीडिंग फिरवलं? आम्ही फिरवलं की तुम्ही जर्नल परत देता!"