हातमोज्याची आतली बाजू

गॉन्टलेटचे, म्हणजे चिलखतातल्या लोखंडी हातमोज्याचे, बाहेरून काढलेले फोटो हवे तेवढे मिळतात. आतून काढलेला एक सापडेल तर शपथ. आणि करायला बसलं की सगळं अडतं ते आतच.

मी राहतो जर्मनीत, स्टुटगार्टजवळ. दोन वर्षांपूर्वी ऑस्ट्रियात ग्राट्सला गेलो होतो. तिथलं झोयगहाउस म्हणजे १६४०च्या दशकातलं चार मजली शस्त्रागार, आत सुमारे ३२,००० वस्तू. चिलखतं लाकडी मांडण्यांवर अशी टांगलीत की उद्या सकाळी कोणी घालून निघेल. तिथंच ठरवलं, उजव्या हाताचा एक तरी लोखंडी हातमोजा करायचाच. नमुना धरला १५५०च्या आसपासचा, जर्मन पद्धतीचा, बोटं सुटी असलेला. मिटन प्रकार, ज्यात चारही बोटांवर मिळून रुंद पट्ट्या असतात, तो सोपा गेला असता. पण हौस नडते.

रचना थोडक्यात सांगतो. मनगटावर पसरट कफ, त्याची कडा तारेवर वळवून कानशीनं दोरीच्या पिळासारखी कोरलेली. पुढे हाताच्या पाठीवर चार-पाच आडव्या पट्ट्या, टोकांना रिव्हेटनं एकमेकींना जोडलेल्या, मग मुठीच्या उंचवट्यांवर एक उठावदार पट्टी आणि तिथून बोटांवर माशाच्या खवल्यांसारखे तुकडे. हे खवले एका चामडी पट्टीवर रिव्हेटनं ठोकलेले असतात आणि ती पट्टी आतल्या चामडी मोज्याला शिवलेली असते. अंगठा वेगळा, बिजागरीवर. कफ दोन शनिवारांत झाला, अंगठाही झाला.

अडलं ते पाठीच्या पट्ट्यांवर. मनगट सरळ असताना सगळं झकास. जरा वाकवलं की कट्‌ असा आवाज आणि पुढे हलायचं नाव नाही. रिव्हेट सैल केले तर पट्ट्या खुळखुळायला लागल्या आणि मधून फट दिसायला लागली. तीन वेळा नव्या पट्ट्या कापल्या. एक मिलिमीटरचा पत्रा, प्रत्येक पट्टीची गोलाई आधीच्या पट्टीत बसेल अशी ऐरणीवर ठोकत बसायचं, म्हणजे एकेक संच आठवडा खातो. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "दांडपट्ट्याला असतो तसलाच ना रे?" तसला नव्हे. दांडपट्ट्यात हात आत घालून आडवी मूठ धरायची आणि मनगट ताठच राहतं. इथं मनगट वळलं पाहिजे, हीच तर बोंब आहे.

शेवटी ठरवलं, खरा गॉन्टलेट उलटा करून बघायचा. आमच्यापासून रेल्वेनं जाण्याजोग्या एका संग्रहालयात (नाव घेत नाही) अभ्यासासाठी वस्तू काढून दाखवतात. त्यासाठी फॉर्म. फॉर्ममध्ये 'संस्था' हा रकाना सक्तीचा. मी नोकरी करतो पंप बनवणाऱ्या कंपनीत. रिकामा सोडला तर फॉर्म पुढे सरकेना, 'स्वतः' लिहिलं तर चार दिवसांनी परत. पुढचा रकाना वस्तूच्या नोंदणी क्रमांकाचा. दालनातल्या पाटीवर असतो तो कपाटाचा क्रमांक, नोंदणीचा नव्हे. तो कुठं मिळेल विचारलं तर उत्तर आलं, फॉर्ममध्ये तो लिहिल्यावर संबंधित विभागाला विचारता येईल. हे मी तीनदा वाचलं. मग एकदा तिकीट काढून दालनात गेलो आणि तिथल्या रखवालदाराला विचारलं. त्यानं त्याच्या टॅब्लेटवर बघून अर्ध्या मिनिटात क्रमांक सांगितला. तुम्हाला कधी लागलं तर थेट तिथंच जा, ई-मेलच्या नादी लागू नका. आणि 'संस्था'मध्ये मी शेवटी कंपनीचं नाव टाकलं. कोणी काही विचारलं नाही.

पहिल्या फॉर्मपासून अकरा आठवडे गेले. मिळाली चाळीस मिनिटं. निळे मोजे घालायचे, पेन चालणार नाही, फक्त पेन्सिल. आणि वस्तू काढून देणाऱ्या बाईंनी पहिलंच वाक्य टाकलं, "पट्ट्या हलवायच्या नाहीत." मी आलोच होतो पट्ट्या हलवायला! राग असा आला की पहिली पाच मिनिटं मी नुसता गप्प बसून होतो. मग बाईंनीच तो फोमवर उलटा ठेवला आणि टॉर्च माझ्या हातात दिला.

आतून तो काळा, खडबडीत, हातोडीच्या खुणांनी भरलेला. बाहेरची चकाकी आत नावालाही नाही. पट्ट्यांच्या कडेला कानशीचे बारीक खाच होते, एक, दोन, तीन. कुठल्या पट्टीनंतर कुठली, याची कारागिराची खूण. आणि प्रत्येक रिव्हेटभोवती घासून पडलेल्या कमानीसारख्या रेघा. पट्ट्या हलवायची गरजच उरली नाही, कुणीतरी साडेचारशे वर्षांपूर्वीच हलवून ठेवल्या होत्या. पट्टीपट्टीनं मोजत गेलो. रिव्हेट पट्टीच्या अगदी टोकाजवळ, जेमतेम सहा मिलिमीटरवर, आणि टोक रिव्हेटभोवती गोल कापलेलं. मी भोक कडेपासून बारा मिलिमीटर आत पाडत होतो, पत्रा फाटेल म्हणून. त्यामुळे रिव्हेटच्या खालचं चौकोनी टोक उलट दिशेनं फिरून शेजारच्या टोकावर आपटत होतं. कट्‌ आवाज तो हाच.

घरी येऊन चौथा संच कापला. मनगट वळलं. रात्री साडेअकराला मी स्वयंपाकघरात मनगट वर-खाली करत उभा होतो आणि बायको म्हणाली, "आता तो काढ आणि झोप."

पुठ्ठ्याचे नमुने काढताना चामडी मोजा घालूनच मापं घ्या, हे मला पहिल्या संचानंतर कळलं. आणि खरे रिव्हेट ठोकण्याआधी सगळं तीन मिलिमीटरच्या नट-बोल्टवर जोडून बघा. रिव्हेट काढायचा म्हणजे ड्रिलनं डोकं उडवायचं, त्यात भोक मोठं होतं.

बोटांचं सांगायचं राहिलंच. खवले चामड्यावर ठोकताना बोट वाकवलेलं ठेवा. मी तर्जनीची पट्टी बोट सरळ ठेवून मापली, ती वाकताना अपुरी पडते. बाकी तीन बोटं मिटतात, ती एक अजून ताठ उभी राहते.