अजिंक्यतारा, बारावा आठवडा : ठोके तेच, वेळ कमी

आधी आकडे, कारण तुम्ही सगळे तेच बघायला येता. वय ४६. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सकाळी अंथरुणातच मोजलेली नाडी ७८ होती, आता ७०. साताऱ्याच्या अजिंक्यतारा गडाखालच्या विजेच्या खांबापासून महादरवाज्यापर्यंत डांबरी रस्त्याने, ठोके १३५ च्या वर जाऊ न देता : तेव्हा ४१ मिनिटं, आता ३५. वजन जेमतेम दीड किलो उतरलं. ज्यांना फक्त काट्याशीच मतलब आहे त्यांनी इथूनच परत फिरावं, पुढे गोड बातमी नाही.

हा १३५ आला कुठून, तर थोडी आकडेमोड आणि बराचसा पाढा. हृदयाचे मिनिटाला जास्तीत जास्त ठोके किती, यासाठी २२० वजा वय हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं, माझं त्याने १७४ येतं. २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे दुसरं, त्याने १७६. दोन्ही सरासरीची सूत्रं. एखाद्या माणसाच्या बाबतीत दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज होतात. वर गंमत अशी, की १७६ चे थेट ६० ते ७० टक्के काढले तर १०६ ते १२३, आणि १७६ मधून मार्चमधली विश्रांतीची नाडी ७८ वजा करून, उरलेल्या फरकाचे तेवढेच टक्के परत ७८ मध्ये मिळवले तर १३७ ते १४७. म्हणजे एका हिशोबाने मी आळशी, दुसऱ्याने अघोरी. शेवटी सतराचा पाढा म्हणत चढले. 'सतरा चोक अडुसष्ट, सतरा पाचे पंच्याऐंशी' एका दमात निघतंय तोवर ठीक. 'सतरा चोक' म्हणून थांबून श्वास घ्यावा लागला की वेग जास्त झाला. माझा पाढा १३५ च्या आसपास तुटतो. नाडी मोजणारं घड्याळ नसेल तर पाढा पुरेसा आहे.

दोन वर्षांपूर्वी मी याच चढावर तोंडाला फेस येईस्तोवर पळत होते. तेव्हाची समजूत अशी, की धाप लागली नाही तर तो कार्डिओच नव्हे. तीन आठवड्यांत नडग्या ठणकायला लागल्या आणि बूट माळ्यावर गेले. आता कळतंय, की कार्डिओ म्हणजे मोठे स्नायू लयीत आणि सलग हलवत ठेवणं, तेही अशा बेताने की लागणारी ताकद मुख्यतः प्राणवायूवरच तयार होत राहावी. चालणं, सायकल, पोहणं, गड, सगळं त्यात बसतं. मंगळागौरीचे खेळही मी त्यातच धरते. ज्यांना शंका आहे त्यांनी पाच मिनिटं पिंगा घालून दाखवावा.

नाडी उतरली म्हणजे नेमकं काय झालं याचा हिशोब मला फार आवडतो. बसल्या जागी हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फिरवतं. ७८ ठोक्यांत ५ लिटर म्हणजे ठोक्याला ६४ मिली. ७० ठोक्यांत तेवढंच म्हणजे ७१ मिली. काम तेच, पण एका ढकलीत जास्त माल. तिकडे पोटऱ्या-मांड्यांच्या स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, मायटोकॉन्ड्रिया (पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भट्ट्या) वाढतात, म्हणून आलेल्या रक्तातला प्राणवायू जास्त ओढून घेता येतो. स्नायू साखरही अधिक खेचतात, त्यामुळे मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना डॉक्टर चाला म्हणून मागे लागतात. माझा रक्तदाब १३८/८८ होता, परवा १२८/८२ निघाला. याच काळात लोणचं-पापडही कमी केले, त्यामुळे सगळं श्रेय गडाला देत नाही.

मधल्या आठवड्यांचं थोडक्यात. पाचवा छान. सहाव्यात एका सकाळी उठल्यावर नाडी ८६! रात्री काही वेगळं खाल्लं नव्हतं, झोपही झाली होती. तरी गडावर न जाता घरी राहिले; संध्याकाळी ताप भरला. सकाळची नाडी सात-आठने चढलेली दिसली की मी आता वाद घालत नाही. आठव्या आठवड्यात, ऐन उन्हाळ्यात, वेळ ३६ वरून ३९ वर गेला आणि मी रडकुंडीला आले. दोष उन्हाचा होता : अंग गार ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, घामाने पाणी जातं, मग त्याच चालीला ठोके वाढतात. साडेसहाऐवजी सव्वापाचला निघाले तर परत ३६.

घड्याळाची तक्रार मात्र नोंदवतेच. उतरताना हलकं पळते तेव्हा ते १६२ दाखवायचं. थांबून मनगटाला बोटं लावली, दहा सेकंदांत २१ ठोके, म्हणजे १२६. मग पावलं मोजली : मिनिटाला १६२! घड्याळाचा हिरवा दिवा नाडीऐवजी हाताच्या हिसक्यालाच चिकटून बसला होता. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर आणि घट्ट बांधल्यावर बरंच सुधारलं.

आता घरची आघाडी. आमचे हे एसटीत चालक आहेत. मी त्यांना ब्रिटिश डॉक्टर जेरी मॉरिस यांचा १९५३ सालचा लंडनच्या दुमजली बसवरचा अभ्यास सांगितला : दिवसभर बसून असणाऱ्या चालकांत हृदयविकार जास्त आणि जिने चढउतार करणाऱ्या वाहकांत कमी. "मग वाहकाला पाठव गडावर, त्याला सवय आहे," असं उत्तर मिळालं. तरी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम, हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा मी फ्रिजवर लावलाय. मी पाच दिवस चाळीस-चाळीस मिनिटं, म्हणजे २०० करते. त्यांचं वय ५२ आणि सिगारेट सुटून वर्षच झालंय, म्हणून आधी डॉक्टरांकडे नेऊन ईसीजी काढून घेतला. छातीत दडपल्यासारखं झालं तर जागेवर थांबायचं आणि सांगायचं, एवढी एकच अट घातली.

पुढचा बेत : आठवड्यातून एकदाच जोराचे चार चढ, मधे सावकाश उतरण. बाकी दिवस पाढा. पावसाळ्यात हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करणारी मंडळी यवतेश्वरच्या घाटात दिसायला लागतील, तेव्हा त्यांच्या मागून निदान पहिली काही वळणं चालत जाईन म्हणते.

काल हे पहिल्यांदा बरोबर आले. तिसऱ्या वळणावर 'सतरा त्रिक'ला अडकले, कठड्यावर बसले आणि म्हणाले, "अगं, मला बाराचाच येतो नीट." बाराच्या पाढ्यावर मारुतीपर्यंत पोहोचलो. वेळ लावली नव्हती.